वाचकांचे प्रश्न : यकृत, पचनसंस्था आणि मोठी रुग्णालये

पचनसंस्था आणि यकृताच्या आजारांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली असून पाठवणाऱ्यांची ओळख गाळली आहे. रुग्णाला प्रत्यक्ष तपासल्याखेरीज औषध किंवा मात्रा सुचवणे योग्य नसल्यामुळे ते कोठेही केलेले नाही. मात्र कोणाकडे जावे, केव्हा जावे आणि तेथे गेल्यावर काय विचारावे, एवढे निश्चित सांगता येते.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ५८ आहे. काही आठवडे पोट फुगलेले आणि पाय सुजलेले होते. येथील फिजिशियननी सोनोग्राफी करून यकृताचा सिरॉसिस झाल्याचे आणि पोटात पाणी साठल्याचे निदान केले. औषधांनी सूज उतरली आहे. नातेवाईक म्हणतात, ताबडतोब मुंबईला किंवा हैदराबादला हलवा. डॉक्टर म्हणतात, घाई नको. आमची परिस्थिती बेताची आहे. आम्ही काय करावे? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आपल्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्याला एक पुस्ती जोडायला हवी. वडिलांना आज रुग्णवाहिकेतून हलवण्याचे कारण दिसत नाही. तरीही येत्या दोन-तीन आठवड्यांत, प्रकृती स्थिर असतानाच, त्यांना यकृतरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयाच्या ओपीडीत एकदा दाखवून आणावे. सिरॉसिस म्हणजे यकृत आतून व्रणांनी कडक होणे, आणि पोटात पाणी होणे ही तो पुढच्या टप्प्यात गेल्याची खूण असते. अशा रुग्णाची आणि तज्ज्ञाची पहिली गाठ रक्ताची उलटी झाल्यावर मध्यरात्री अपघात विभागात पडते, तेव्हा रुग्णाचा पूर्वेतिहास सांगायला कोणी धड शुद्धीवर नसते आणि जुने कागद घरीच राहिलेले असतात. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की या एका गोष्टीबद्दल आग्रहाने लिहिणे मला कर्तव्य वाटते.

त्या पहिल्या भेटीत तीन गोष्टींचा उलगडा व्हायला हवा. पहिली म्हणजे सिरॉसिसचे कारण. मद्य, मधुमेह आणि स्थूलतेबरोबर येणारी यकृतातील चरबी, हेपेटायटिस बी, हेपेटायटिस सी, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृतावर केलेला हल्ला, अशी कारणे वेगवेगळी आणि त्यांचे उपचारही वेगळे. हेपेटायटिस सी आता बहुतेक रुग्णांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. कारण सापडून ते थांबवता आले, तर पाणी झालेले यकृतही काही रुग्णांत चांगले सावरते. म्हणून ‘सिरॉसिस म्हणजे सगळे संपले’ असे कोणी म्हणाले, तरी ते मनावर घेऊ नका.

दुसरी गोष्ट पोटातल्या पाण्याची. ते सुईने थोडे काढून तपासले आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पोटात पहिल्यांदा पाणी झालेल्या प्रत्येक रुग्णात ही साधी तपासणी व्हायला हवी. आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगानेही असेच पाणी होते आणि नुसत्या सोनोग्राफीवर दोहोंत फसगत होऊ शकते. शिवाय सिरॉसिसच्या पाण्यात जंतुसंसर्ग झालेला असेल, तर ताप नसतानाही तो या तपासणीत उघड होतो. पाण्याच्या एका घनमिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी २५० किंवा त्याहून अधिक निघाल्या, की प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू करावे लागते. तिसरी गोष्ट एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी. सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेच्या तळाशी रक्तवाहिन्या फुगतात आणि त्या फुटल्या की जिवावर बेतते. फुटण्याआधी त्या दिसल्या, तर गोळ्यांनी त्यांच्यातील दाब कमी करता येतो किंवा एंडोस्कोपीतून त्यांना रबरी बँड लावता येतात.

मुंबईतील केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, नायर आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत पचनसंस्थेच्या आजारांचे स्वतंत्र विभाग आहेत. हैदराबाद आणि दिल्ली येथील नामांकित संस्थांविषयी मला पूर्ण आदर आहे, पण आपल्या वडिलांच्या सध्याच्या अवस्थेला तेवढ्या दूर जाण्याची आवश्यकता नाही. मोठ्या केंद्राचे खरे बळ संगमरवरी लॉबीत नसते. यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली रोज पाहणारा पॅथॉलॉजिस्ट, रक्तवाहिनीतून यकृतापर्यंत पोहोचणारा रेडिओलॉजिस्ट, चोवीस तास चालू असणारी एंडोस्कोपी, रक्तपेढी आणि आहारतज्ज्ञ एका छताखाली असतात, यात ते असते. ही सोय कधी लागेल ते सांगता येत नाही, म्हणून तेथे वडिलांचा केसपेपर निघालेला असणे मोलाचे. महिन्या-महिन्याची देखरेख मात्र सांगलीतील आपले फिजिशियनच उत्तम करू शकतील. जाताना सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि रोज सकाळी लघवीनंतर केलेल्या वजनाची वही सोबत ठेवा. औषधाची मात्रा ठरवताना त्या वहीचा फार उपयोग होतो. सरकारी योजनेत काय बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

तोवर घरी दिवसभरातले एकूण मीठ एका सपाट चमच्याच्या, म्हणजे साधारण ५ ग्रॅमच्या आत ठेवा. पापड, लोणचे, फरसाण आणि सुकी मासळी बंद करा. मद्य घेत असतील तर ते पूर्ण सुटायला हवे. डाळ, दूध, अंडी मात्र बंद करू नका. यकृताच्या रुग्णाला प्रथिने देऊ नयेत हा जुना समज अजून घराघरांत आहे आणि त्यापायी रुग्णांचे दंड-मांड्या काड्यांसारख्या होतात. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायला द्या. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर देऊ नका, कारण त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास, दिवसा झोप आणि रात्री जागरण, असंबद्ध बोलणे, ताप, पोटदुखी किंवा लघवी कमी होणे यांतले काहीही दिसले, तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता थेट दाखल करा.

प्रश्न : पतीला यकृताच्या आजारासाठी एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयात नेले होते. तेथे शिकाऊ डॉक्टरांनी तेच तेच प्रश्न विचारले आणि संशोधनासाठी जादा रक्त देण्याबद्दल संमतीपत्रावर सही मागितली. आमच्यावर प्रयोग तर होत नाहीत ना, अशी भीती वाटते. (एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, आपली भीती स्वाभाविक आहे आणि ती तेथील डॉक्टरांजवळ बोलून दाखवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. संमतीपत्र मराठीत मागा, ते घरी नेऊन वाचा आणि समजेपर्यंत विचारत राहा. रुग्णांवरील कोणत्याही संशोधनाला रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्यावी लागते. त्या समितीत रुग्णालयाबाहेरच्या व्यक्ती आणि डॉक्टर नसलेले सदस्यही असतात. आपण नकार दिलात, किंवा होकार देऊन नंतर माघार घेतलीत, तरी पतीच्या उपचारांत फरक पडता कामा नये, आणि तसे संमतीपत्रातच लिहिलेले असते. नव्या औषधाची चाचणी आणि साठवणीसाठी घेतलेले थोडे रक्त या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या पत्रावरून हा दुसरा प्रकार दिसतो.

आता ‘तेच तेच प्रश्न’ का विचारतात ते सांगतो, आणि त्यासाठी पुण्याची एक हकीकत सांगणे भाग आहे. १९७० आणि १९८०च्या दशकांत आपल्याकडे लहान मुलांचा एक भयंकर यकृतविकार होता. वर्ष-दीड वर्षाचे, तोपर्यंत चांगले खेळणारे मूल चिडचिडे होई, त्याचे पोट पुढे येई, आणि तपासताना उजव्या बरगडीखाली यकृताची दगडासारखी टणक, पानासारखी धारदार कड बोटांना लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुधा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरातले दुसरे मूलही त्याच वाटेने गेल्याची उदाहरणे होती. या आजाराला ‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’ असे नाव होते. या मुलांच्या यकृतात तांबे अफाट प्रमाणात साठलेले आढळे, पण ते येते कोठून, हे कळत नव्हते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या आयांना अगदी घरगुती प्रश्न विचारले. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? ते कशात तापवले? कशात ठेवले? आजारी नसलेल्या मुलांच्या घरीही हेच विचारले. उत्तरांतून चित्र उभे राहिले ते असे, की आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध फार लवकर सुरू झालेले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवले जात होते. कल्हई नीट असेल तर दूध धातूला लागत नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात मात्र दुधातील केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते, आणि ते घोटाघोटाने बाळाच्या यकृतात जाऊन बसते. अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाला हा धोका नव्हता. १९८३ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शरीरातून तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध आजाराच्या सुरुवातीलाच दिले तर काही मुले वाचतात, हेही याच कामातून पुढे आले. काही मुलांत आनुवंशिक कमजोरीचाही वाटा असावा असे मानले जाते. पण दुधाची भांडी स्टेनलेस स्टीलची झाली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आज शिकणाऱ्या डॉक्टरांना तो पुस्तकातच वाचावा लागतो. आईला विचारलेल्या ‘दूध कशात तापवता?’ या प्रश्नाने जेवढी मुले वाचली, तेवढी कोणत्याही महागड्या यंत्राने वाचली नसतील, असे माझे प्रामाणिक मत आहे.

साठवलेल्या रक्ताचेही असेच. १९५५-५६ साली दिल्लीत सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून काविळीची प्रचंड साथ आली आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हेपेटायटिस ए असावी असे तेव्हा गृहीत धरले गेले. रुग्णांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने दोन दशकांहून अधिक काळाने नव्या चाचण्यांनी तपासले, तेव्हा ती ‘ए’ नव्हती हे सिद्ध झाले. आज त्या विषाणूला आपण हेपेटायटिस ई म्हणून ओळखतो. आपल्या कोल्हापूर शहरात १९८१ साली पाण्यातून आलेल्या काविळीच्या साथीचा अभ्यासही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रुग्णांचे रक्त तपासूनच केला होता. ते रक्त देणारे आपल्याच गावचे लोक होते, आणि त्यांच्यामुळे या आजाराची ओळख पक्की व्हायला मदत झाली. सही करायची की नाही हे आपणच ठरवा. फक्त ठरवताना हे लक्षात असू द्या.

प्रश्न : माझी सून सात महिन्यांची गरोदर आहे. चार दिवसांपासून डोळे पिवळे झाले आहेत. जवळच्या गावात कावीळ उतरवणारे आहेत, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते. शिवाय शक्ती येण्यासाठी गुळवेलीचा काढा सुरू केला आहे. हे योग्य आहे का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : काकू, आपल्या पत्राला छापील उत्तराची वाट पाहू दिली नाही. संपादकांमार्फत आपल्याशी त्याच दिवशी संपर्क साधून सुनेला रुग्णालयात न्यायला सांगितले होते. येथे लिहितो ते इतर वाचकांसाठी.

गरोदर स्त्रीची कावीळ ही तातडीची बाब आहे. हेपेटायटिस ई एरवी बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र तो यकृत झपाट्याने निकामी करू शकतो आणि अशा स्त्रियांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत मृत्यू ओढवू शकतात. शिवाय गरोदरपणातच होणारे यकृताचे काही आजार असे असतात, की त्यांत बाळाची प्रसूती लवकर करणे हाच उपचार ठरतो. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि यकृताचे डॉक्टर दोघेही जेथे उपलब्ध आहेत, अशाच ठिकाणी त्याच दिवशी जायला हवे. रक्त गोठण्याची आयएनआर ही तपासणी तेथे पहिल्यांदा होईल. बिलिरुबिन हे काविळीचे पिवळे द्रव्य किती वाढले यापेक्षा आयएनआर वाढला आहे का आणि रुग्ण नीट बोलते आहे का, याकडे डॉक्टरांचे अधिक लक्ष असते.

चुन्याच्या पाण्याबद्दल आपल्या भागातील श्रद्धेचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. परंतु हातांना आधी चोळलेल्या पाल्याचा किंवा सालीचा रस चुन्याशी मिळाला की पाणी पिवळे होते. कावीळ नसलेल्याने हात धुतले तरी ते तसेच होईल. साधी कावीळ मुळात आपोआपच उतरत असल्यामुळे श्रेय या विधीला मिळते, आणि ज्या दहांतल्या एखाद्या रुग्णाला रुग्णालयाची गरज असते, त्याचे मोलाचे दिवस वाया जातात. गुळवेलीचा काढा लगेच थांबवावा. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांना हरकत घेतली होती, हेही नमूद करायला हवे. वाद काहीही असो, यकृताला आधीच सूज असताना कोणताही काढा, चूर्ण किंवा ‘लिव्हर टॉनिक’ परस्पर देऊ नये आणि जे दिले असेल ते डॉक्टरांपासून लपवू नये.

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला यकृताच्या आजारांत विशेष शिक्षण घ्यायचे आहे. मार्ग कसा असतो आणि किती वर्षे लागतात? (एक पालक, नाशिक)

उत्तर : इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षे, मग मेडिसिनमधील एमडी तीन वर्षे, आणि त्यानंतर नीट-एसएस ही परीक्षा देऊन गॅस्ट्रोएंटरॉलॉजीतील, म्हणजे पचनसंस्थेच्या आजारांतील, डीएम ही पुढची पदवी तीन वर्षे. म्हणजे एकूण साडेअकरा वर्षे, आणि त्यात प्रवेशपरीक्षांच्या तयारीत व सेवाबंधनात जाणारा काळ धरलेला नाही. केवळ यकृताचे, म्हणजे हेपेटॉलॉजीचे डीएम मोजक्या ठिकाणी आहे. दिल्लीची इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलिअरी सायन्सेस आणि चंडीगडची पीजीआय ही त्यांतील प्रमुख नावे. शस्त्रक्रियेची ओढ असेल तर जनरल सर्जरीतील एमएस आणि पुढे सर्जिकल गॅस्ट्रोएंटरॉलॉजीतील एमसीएच असा वेगळा रस्ता आहे. मुलांच्या यकृतविकारांसाठी बालरोगातील एमडीनंतर लखनौच्या संजय गांधी संस्थेसारख्या ठिकाणी स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

जागा निवडताना मुलीने संस्थेच्या नावाबरोबर एक गोष्ट अवश्य पाहावी, ती म्हणजे तेथे विद्यार्थ्याच्या हातून काय आणि कोणाच्या नजरेखाली होते. एंडोस्कोपी हे हाताचे कसब आहे. विद्यार्थी आधी बाजूला उभे राहून पाहतो, मग दुर्बीण नुसती बाहेर काढताना आतील भाग तपासायला शिकतो, आणि मग कधीतरी घशातून ती आत नेण्याची वेळ येते, तेव्हा वरिष्ठांचा हात त्याच्या मनगटापासून फार लांब नसतो. पित्तनलिकेतील खडे काढण्याची ईआरसीपी सर्वांत शेवटी हाती येते, कारण त्यात चूक झाली तर स्वादुपिंडाला जीवघेणी सूज येऊ शकते. अशा प्रक्रिया जेथे नेमाने आणि मोठ्या संख्येने होतात, तेथे गुंतागुंत कमी होते. रुग्णांसाठीही हे जाणून घेण्यासारखे आहे. शिकाऊ डॉक्टर दिसला म्हणजे उपचार कच्चा, असे समजू नये. रात्री तीन वाजता रक्ताच्या उलट्या थांबवायला धावणारा बहुधा हाच विद्यार्थी असतो, आणि सकाळच्या राउंडला त्याने रात्री घेतलेल्या प्रत्येक निर्णयाचा जाब त्याला द्यावा लागतो. जेथे असा जाब विचारला जातो, तीच जागा शिकायला चांगली आणि उपचारालाही.

मुलीला आत्ता करता येण्यासारखे एकच सांगतो. तिसऱ्या वर्षातच रुग्णाच्या पोटावर हात ठेवून यकृताची कड ओळखायला तिने मनापासून शिकावे. सोनोग्राफी हाताशी असल्यामुळे हे कसब मागे पडत चालले आहे आणि त्याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : भावाला यकृत प्रत्यारोपण सांगितले आहे. मी ३६ वर्षांचा आहे. माझ्या यकृताचा भाग दिला तर मला पुढे त्रास होईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : निरोगी यकृताचा भाग काढल्यावर उरलेले यकृत काही दिवसांतच वाढू लागते आणि काही महिन्यांत जवळजवळ पूर्ववत आकाराला येते. बहुतेक दाते दोन-तीन महिन्यांत कामावर परततात. परंतु ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि दात्याच्या जिवाचा धोका शून्य नाही. उजवा भाग देणाऱ्यांत तो हजारात साधारण दोन ते पाच इतका सांगितला जातो. हा आकडा डॉक्टरांनी आपल्याला स्वतःहून सांगायला हवा, आणि सांगितला नाही तर आपण विचारायला हवा.

रक्तगट, यकृतातील चरबी, सीटी स्कॅनवर दिसणारी रक्तवाहिन्यांची रचना आणि राहणाऱ्या भागाचा आकार पाहूनच आपण दाते होऊ शकता की नाही हे ठरेल. १९९४च्या कायद्यानुसार सख्खा भाऊ जवळच्या नात्यात मोडतो, तरी नात्याचे पुरावे सादर करावे लागतात. डॉक्टरांना एकट्याने भेटण्याची वेळ मागून घ्या. मन तयार नसेल तर तसे तेथे सांगा. दाता वैद्यकीय कारणास्तव अयोग्य ठरला एवढेच कुटुंबाला कळवले जाते, अशी पद्धत चांगल्या केंद्रांत पाळली जाते.

दरम्यान भावाचे नाव मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठीच्या प्रतीक्षायादीतही नोंदवून ठेवावे. ही नोंद प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फत होते आणि मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आपापल्या विभागाची यादी सांभाळतात. ठाण्यासाठी मुंबईच्या समितीकडे नोंद होईल. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि सोडियम यांच्या ताज्या तपासण्या वेळच्या वेळी रुग्णालयात देत राहा. या आकड्यांवरून आजाराच्या गंभीरतेचा मेल्ड हा गुण काढला जातो आणि भावाला प्रत्यारोपण किती लवकर हवे, याचा अंदाज डॉक्टर त्यावरूनच बांधतात.